हार्मोन्सच्या गोळ्या, लिव्हर आणि माझी एक चूक

ही गोष्ट लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. नाव लिहू नका, गाव लिहू नका, बाकी सगळं लिहा, असं ती म्हणाली. "आणि तुमची चूकसुद्धा लिहा, सर," असंही म्हणाली. म्हणून लिहितोय.

काही वर्षांपूर्वीची संध्याकाळची ओपीडी. बाहेर बाकावर दहा-बारा पेशंट. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने केस पेपरवरचं नाव मोठ्याने पुकारलं. नाव पुरुषाचं आणि उठली पंजाबी ड्रेस घातलेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची तरुणी. सगळ्या बाकाने वळून पाहिलं. ती आत येऊन बसली तेव्हा तिचा अर्धा धीर बाहेरच संपलेला होता.

तक्रार साधी होती. थकवा आणि ॲसिडिटी. सोबत नोकरीच्या ठिकाणी झालेल्या तपासणीचे रिपोर्ट. एसजीपीटी ९४, एसजीओटी ५८. बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारल्यावर तिने पर्समधून दोन स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या. इस्ट्राडायॉल व्हॅलरेट २ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. सायप्रोटेरॉन ५० मिलिग्रॅमची पाव गोळी, रोज एक. मोठ्या शहरातल्या एका एंडोक्रायनॉलॉजिस्टने नऊ महिन्यांपूर्वी रीतसर सुरू केलेली औषधं. जन्माने पुरुष मानली गेलेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती, म्हणजे ट्रान्स स्त्री, शरीरात स्त्रीसारखे बदल व्हावेत म्हणून हे उपचार घेते.

मी एमडी मेडिसिन. तोवर अशा पेशंटला मी कधी तपासलं नव्हतं. रिपोर्टवरचा ९४ आकडा पाहिला, स्ट्रिप पाहिल्या आणि दोन अधिक दोन चार करून मोकळा झालो.

"लिव्हरला सूज आहे. या गोळ्या आजपासून बंद."

"किती दिवस, सर?"

"दोन महिने तरी. मग बघू."

सोबत लिव्हरचं टॉनिकही लिहून दिलं. त्याचा उपयोग होतो याचा चांगला पुरावा नाही हे मला माहीत असूनही दिलं. पेशंटच्या हातात काहीतरी पडावं म्हणून आम्ही डॉक्टर असं करतो. तिच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या खाली त्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचा फोन नंबर छापलेला होता. दोन मिनिटांचा फोन होता. मी केला नाही.

दोन महिन्यांनी ती आली. गोळ्या पूर्ण बंद होत्या. एसजीपीटी ९७.

इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. ज्या औषधावर आपण आळ घेतला ते दोन महिने पोटात गेलेलं नाही आणि आकडा जिथल्या तिथे आहे, म्हणजे चोर दुसराच कोणीतरी आहे. पण मी म्हणालो, "अजून वेळ लागेल. बंदच ठेवा." ती मान हलवून गेली आणि पुढची तारीख चुकली.

तीन-साडेतीन महिन्यांनी आली तेव्हा डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगभर खाजवल्याचे ओरखडे. रात्री तळहात-तळपायांना इतकी खाज की झोप नाही. बिलिरुबिन ७ च्या वर, अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मलच्या जवळपास तिप्पट.

या वेळी मी आधी दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, काय काय घेतलं ते सांगा. तिने सांगितलं. औषधं थांबल्यावर दाढीचे केस पुन्हा जोमाने येऊ लागले, नऊ महिन्यांत कमावलेलं एकेक जाऊ लागलं. आरशात बघवेना. कामावर जाणं बंद झालं. जगू नये असे विचार येऊ लागले. मग ओळखीतल्या एका वडीलधाऱ्या मैत्रिणीने उपाय सांगितला: पाळणा लांबवण्याच्या गोळ्या, रोज चार-पाच. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. शिवाय लिव्हर साफ व्हावं म्हणून गुळवेलीचा काढा, रोज दोन वेळा.

"तुम्ही बंद करा म्हणालात, सर. बंद केल्यावर जगायचं कसं, ते नाही सांगितलंत."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्या वाक्याचं उत्तर मी शोधतच असतो. तिच्यामुळे मला जे शिकावं लागलं, ते तुमच्यासाठी सोपं करून लिहितो.

गोळी गिळल्यावर काय होतं?

आपण जे गिळतो ते आतड्यातून शोषलं जातं आणि तिथलं रक्त आधी थेट लिव्हरमध्ये जातं. गावात शिरण्याआधी जकात नाक्यावर गाडी थांबावी तसं. लिव्हर गोळीतल्या इस्ट्राडायॉलचा बराचसा भाग तिथेच मोडतं आणि उरलेला शरीरात सोडतं. या गडबडीत लिव्हरवर इस्ट्रोजेनचा डोस बाकी शरीरापेक्षा जास्त पडतो. त्याचा परिणाम म्हणून लिव्हर काही प्रथिनं जास्त बनवतं. त्यांत रक्त गोठवणारे घटकही असतात, आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड्सही वाढू शकतात.

त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच घेतला तर इस्ट्राडायॉल थेट रक्तात जातं, हा नाका लागत नाही. म्हणून ज्यांचं वय जास्त आहे, ज्यांना लिव्हरचा त्रास आहे, रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे किंवा ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेले आहेत, त्यांच्यासाठी जेल-पॅच बरा. आपल्याकडे अडचण किमतीची आणि मिळण्याची. गोळी जिभेखाली ठेवली तर थोडा भाग थेट रक्तात जातो, पण बराचसा लाळेबरोबर गिळलाच जातो, हेही लक्षात ठेवा.

सगळी इस्ट्रोजेन्स एकसारखी नसतात

हा मुद्दा नीट वाचा, कारण माझ्या पेशंटचं नुकसान इथे झालं.

इस्ट्राडायॉल व्हॅलरेट शरीरात गेल्यावर इस्ट्राडायॉल बनतं. स्त्रीच्या शरीरात नैसर्गिकपणे असतं तेच. लिव्हरला ते ओळखीचं आहे, ते त्याला मोडू शकतं. संततिनियमनाच्या बहुतेक गोळ्यांमध्ये मात्र एथिनिल इस्ट्राडायॉल असतं. त्याच्या रचनेत मुद्दाम असा बदल केलेला आहे की लिव्हरला ते सहजी मोडता येऊ नये. म्हणून अगदी थोडं, ३० मायक्रोग्रॅमसारखं, पुरतं. पण न मोडल्यामुळे ते लिव्हरवर जास्त काळ आणि जास्त जोराने काम करत राहतं. दिवसाला एक गोळी संततिनियमनासाठी घेणाऱ्या बहुतेक निरोगी स्त्रियांना त्याचा त्रास होत नाही. पण चार-पाच गोळ्या रोज घेतल्या, तर लिव्हरवरचा भार आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका दोन्ही वाढतात. स्त्रीकरणाच्या उपचारांत एथिनिल इस्ट्राडायॉल वापरू नये, हे आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे.

लिव्हरच्या पेशींमध्ये पित्त बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप असतात. इस्ट्रोजेनचा मारा जास्त झाला की काही लोकांमध्ये हे पंप मंदावतात. पित्त लिव्हरमध्येच तुंबतं. आधी खाज, मग कावीळ. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायकांना तळहात-तळपायांना असह्य खाज सुटते, तिच्या मुळाशीही हेच असतं. इस्ट्रोजेनमुळे पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाणही वाढतं. आणि फार क्वचित, वर्षानुवर्षं जास्त डोस घेणाऱ्यांमध्ये लिव्हरमध्ये ॲडिनोमा नावाची गाठ होऊ शकते. ती कॅन्सरची नसते, पण फुटून रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरी गोळी: टेस्टोस्टेरॉन रोखणारी

लोक लिव्हरसाठी इस्ट्रोजेनला घाबरतात. खरं तर लक्ष ठेवायला हवं ते टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या औषधांवर.

सायप्रोटेरॉनमुळे लिव्हरला इजा होऊ शकते आणि ती डोसवर अवलंबून असते. गंभीर इजा मुख्यतः रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोसवर दिसलेली आहे. स्त्रीकरणासाठी रोज १० ते १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या गोळीचा पाव भाग, सहसा पुरतो. "पूर्ण गोळी घेतली तर लवकर फरक पडेल" असं समजून डोस वाढवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. फरक लवकर पडत नाही, धोका मात्र वाढतो. मोठ्या डोसवर बरीच वर्षं राहिल्यास मेंदूच्या आवरणाच्या मेनिंजिओमा या गाठीचा धोकाही वाढतो. त्यामुळेच युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये या औषधाच्या वापरावर बंधनं घातली.

स्पायरोनोलॅक्टोन लिव्हरला क्वचितच त्रास देतं. उलट लिव्हर सिरोसिसमध्ये पोटात पाणी झालेल्या पेशंटना आम्ही तेच देतो. (आणि त्यातल्या पुरुषांची छाती वाढू लागते. हा गुण तिथे दुष्परिणाम आणि इथे उपयोग!) मात्र यात रक्तदाब आणि पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

फ्लुटामाइड टाळावं. त्याने लिव्हर निकामी होऊन मृत्यू झालेले आहेत. बायकॅल्युटामाइडने असं होणं दुर्मिळ आहे, पण होऊ शकतं. म्हणून तेही मनाने सुरू करू नये.

मग एसजीपीटी ९४ कशाने होतं?

तिची सोनोग्राफी आणि बाकीच्या तपासण्या केल्या, ज्या मी पहिल्याच दिवशी करायला हव्या होत्या. हिपॅटायटिस ए, ई, बी, सी निगेटिव्ह. पित्तनळीत अडथळा नाही, खडे नाहीत. फॅटी लिव्हर मात्र ग्रेड टू. वजन ८६ किलो, घरात मधुमेह, बैठं काम. ज्या आजाराचे पेशंट मी रोज डझनाने पाहतो, तोच तिला होता. मला तो दिसला नाही, कारण माझं लक्ष ती ट्रान्स आहे यावरच अडकलं होतं.

योग्य डोसमध्ये, देखरेखीखाली इस्ट्राडायॉल घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांमध्ये त्या औषधाने लिव्हरला गंभीर इजा होणं फार कमी आढळतं. म्हणून एसजीपीटी वाढलेलं दिसलं तर आधी नेहमीचे संशयित तपासायचे: फॅटी लिव्हर, दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, टीबीची औषधं, जास्त पॅरासिटामॉल, जिममधल्या पावडरी, काढे आणि चूर्णं. जोरदार व्यायामानंतर काही दिवस एसजीओटी आणि एसजीपीटी नुसत्या स्नायूंमुळेही वाढतात.

काढ्याबद्दल लिहिलं की मला रागावून फोन येतात. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट शास्त्रीय नियतकालिकात नोंदवले. घेणाऱ्या प्रत्येकाला असं होतं असं नाही. पण लिव्हर आधीच त्रासात असताना "साफ करण्यासाठी" काहीही घेऊ नये. लिव्हर साफ करावं लागत नाही, ते स्वतःच सफाई करणारं आहे.

आणखी एक. रिपोर्टवर छापलेली नॉर्मलची रेंज कुठली बघायची, पुरुषाची की स्त्रीची? एसजीपीटीची स्त्रियांची वरची मर्यादा पुरुषांपेक्षा थोडी कमी मानतात. हिमोग्लोबिन तर उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं आणि लॅब त्यावर "कमी" असा शेरा मारते. तो ॲनिमिया असतोच असं नाही. म्हणून रिपोर्ट दाखवताना कोणते हार्मोन्स किती दिवस चालू आहेत हे डॉक्टरांना नक्की सांगा.

कोणी जास्त जपायचं?

हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर हार्मोन्स घेताच येत नाहीत असं नाही. आधी त्या आजाराची तपासणी आणि गरज असेल तर उपचार. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी साठी लस आहे: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. घेतली नसेल तर घ्या. आणि हार्मोनचं इंजेक्शन कुणाच्या घरी, एकाच सुईने कधीही घेऊ नका. लिव्हरला औषधापेक्षा त्या सुईचा धोका मोठा आहे.

एचआयव्हीची औषधं चालू असतील तर ती मनाने थांबवू नका. त्यांतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतात. बी असलेल्या माणसाने ती अचानक सोडली तर लिव्हरला जोराची सूज येऊ शकते. टीबीचे उपचार सुरू होणार असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळू द्या. रिफॅम्पिसिनमुळे इस्ट्राडायॉल लवकर मोडलं जातं आणि गोळी "लागू पडत नाही" असं वाटतं. तेव्हा गोळ्या वाढवू नका, विचारा.

सिरोसिस, चालू कावीळ किंवा लिव्हरमधली गाठ असेल तर निर्णय लिव्हरच्या आणि हार्मोनच्या डॉक्टरांनी मिळूनच घ्यायचा.

तपासण्या कधी?

मी आता असं करतो. उपचार सुरू होण्याआधी: लिव्हरच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, साखर, लिपिड, सीबीसी, किडनी आणि पोटॅशियम, वजन, रक्तदाब. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी हार्मोनची पातळी. रक्तातलं इस्ट्राडायॉल १०० ते २०० पिकोग्रॅमच्या दरम्यान आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली असणं पुरेसं. त्याच रक्तात एसजीपीटी बघून घेतो, विशेषतः सायप्रोटेरॉन चालू असेल तर. सगळं ठीक असेल तर नंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या दोन दिवस आधी बंद ठेवा. काही मशीनवर त्यामुळे इस्ट्राडायॉलचा आकडा खोटाच जास्त येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतात.

एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीच्या आत आहे, कावीळ नाही, त्रास नाही, तर घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि कारण शोधायचं. तिपटीच्या वर गेलं, किंवा बिलिरुबिनही वाढलं, तर डॉक्टरांना लगेच गाठायचं.

आणि ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका: डोळे किंवा लघवी पिवळी, पांढरट शौच, पुरळाशिवाय अंगभर खाज, उजव्या बरगडीखाली जोराचं दुखणं, सतत उलट्या. एका पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं आणि छातीत दुखणं, हे गुठळीचं लक्षण असू शकतं. थेट हॉस्पिटल गाठा.

पुढे काय झालं?

त्या दिवशी मी तो फोन केला. पाच-साडेपाच महिने उशिरा, पण केला. एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर, आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं." एवढंच.

पाळणा लांबवण्याच्या गोळ्या आणि काढा बंद केला. खाज दोन-तीन आठवड्यांत कमी झाली, कावीळ उतरायला दोन महिने लागले. पण या वेळी "बंद, मग बघू" असं कोणी म्हणालं नाही. पुन्हा कधी आणि कशाने सुरू करायचं हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं. मधल्या काळासाठी एका समुपदेशकाशी गाठ घालून दिली, दर आठवड्याला माझ्याकडे यायचं ठरलं. रिपोर्ट नॉर्मलकडे आल्यावर गोळीऐवजी जेल आणि सायप्रोटेरॉनऐवजी स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं. फॅटी लिव्हरला औषध एकच: रोज पाऊण तास चालणं, साखर आणि तळलेलं कमी. वर्षभरात सात किलो उतरलं. एसजीपीटी ३६.

आमच्या दवाखान्यातही एक बदल झाला. आता केस पेपरवर "कोणत्या नावाने हाक मारू?" असा एक रकाना आहे. फक्त त्यांच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. एक पंच्याहत्तरीच्या आजी त्यात "माई" लिहून गेल्या.

मागच्या महिन्यात ती वर्षाची तपासणी करायला आली होती. रिसेप्शनवरून तिच्या नावाने हाक आली, बाकावर कोणी वळून पाहिलं नाही. रिपोर्ट बघून मी म्हणालो, "सगळं ठीक आहे. चालू ठेवा."

"किती दिवस, सर?" तिने हसत विचारलं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही औषध यावरून सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये. आपल्या डॉक्टरांना भेटा, आणि जे घेताय ते सगळं, काढ्यासकट, न लाजता सांगा.)